घरबसल्या एमबीए

"सांगलीचं स्थळ अडलंय बरं का," काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या. हातात निमित्ताला कढीपत्ता होताच.

"का हो? पत्रिका जुळली म्हणत होतात ना?"

"पत्रिका जुळली गं, डिग्री जुळेना. मुलाची आई विचारते, ऑनलाइन एमबीए म्हणजे घरबसल्याच ना?"

गोष्ट आमच्या मागच्या घरातल्या मुलीची. साताऱ्यातच कॉलेजात जाऊन बीकॉम झाली, एमआयडीसीत अकाउंट्सला लागली आणि रात्री जेवणं आटोपल्यावर एमबीए केलं. परीक्षेच्या दिवसांत तिच्या खोलीतला उजेड मध्यरात्र उलटली तरी आमच्या परसात पडायचा. घरबसल्या म्हणे!

"पण काकू, खरं सांगा, धरतात का ती डिग्री?"

काकू रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्याकडून उत्तर येतं ते परिपत्रकासकट. "यूजीसीनं 2022 च्या सप्टेंबरातच स्पष्ट केलंय. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी आणि कॉलेजात बसून घेतलेली पदवी, दोन्हींना सारखीच किंमत. मान्यता असलेल्या, हे नीट ऐक. दिवसातून चारदा फोन करून 'मॅडम, आज शेवटची तारीख' म्हणतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. यूजीसीच्या यादीत विद्यापीठ, तोच कोर्स आणि तेच वर्ष दिसलं पाहिजे. 2024 पासून तर प्रवेशाआधी यूजीसीचा डीईबी आयडी काढावा लागतो. समोरचा तो मागतच नसेल तर सरळ फोन ठेवायचा."

"मग इंजिनिअरिंगसुद्धा?"

"छे! इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली, यातलं काही ऑनलाइन मिळत नाही. दाढ काढायला मोबाइलवर शिकलेला डॉक्टर चालेल तुला?"

मला एवढंच ठाऊक, की आमच्या माहेरी 'बाहेरून बीए' म्हटलं की लोक नाक मुरडायचे. हे बोलले मात्र, आणि काकूंना चेव आला. "मुरडू देत! 1989 ला नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, यशवंतराव चव्हाणांच्या नावानं. किती पोलीस, कंडक्टर, अंगणवाडीताई त्यातून पदवीधर झाल्या. आणि यशवंतराव जन्मले देवराष्ट्र्याला. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. 1949 ला जिल्हा वेगळा निघाला तोही दक्षिण सातारा म्हणून. सांग त्या विहीणबाईंना, तुम्ही मूळच्या आमच्याच!"

"त्या विलिंग्डनच्या बीए आहेत हो. 1919 चं कॉलेज, असं दोनदा ऐकवलं म्हणे."

"रयतही 1919 चीच. आणि ती काढणारे आमचे अण्णा, कर्मवीर भाऊराव पाटील, स्वतः मॅट्रिकसुद्धा नव्हते. 1959 ला पुणे विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली, ती घ्यायला काही ते वर्गात बसले नव्हते."

मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, मागच्या घरातल्या मुलीची आई धाकटीलाही बारावीनंतर ऑनलाइनलाच घालायचं म्हणतेय. यावर काकू खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी कढीपत्ता कुंपणावर ठेवला.

"धाकटीला अजिबात नाही. थोरलीचं वेगळं. तिनं कॉलेज बघितलंय, पगार तिचा, फी तिची. कोपऱ्यावरच्या घरात बघ की. पोरगी ऑनलाइन बीबीए करते. लेक्चर सुरू झालं की सिलिंडरवाला येतो, आजीच्या गोळ्यांची वेळ होते, दूध तर तिच्याच लेक्चरला तापत ठेवतात. कुणी विचारलं तर आई म्हणते, घरीच तर आहे. हीच पोरगी सकाळी एसटीचा पास घेऊन गेली असती, तर दुपारपर्यंत सिलिंडर कुणी घेतला असता? ज्यानं त्यानं घेतलाच असता ना?"

यावर मला काही बोलता येईना, कारण परवाच मीही त्या मुलीला 'जरा आमचं कुरिअर घेऊन ठेव' म्हटलं होतं.

"धननीच्या बागेतल्या बोर्डिंगात अण्णांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली," काकूंची गाडी थांबेना. "ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. नुसती पुस्तकंच शिकवायची असती तर एवढं कशाला केलं असतं? अठराव्या वर्षी पोरीनं चार तऱ्हेच्या पोरींत बसावं, भांडावं, स्टेजवर पाय लटपटू द्यावेत. आणि हौसच असेल तर कॉलेज करता करता दुसरी डिग्री ऑनलाइन घ्यावी. 2022 पासून दोन्ही एकदम करता येतात."

"बरं, तो मुलगा काय करतो?"

"इंजिनिअर आहे, पुण्यात कंपनीत. सध्या बढतीसाठी एमबीए करतोय."

"कुठल्या कॉलेजात?"

काकूंनी आधी मागच्या घराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "ऑनलाइनच गं. पण त्याची आई त्याला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणते."

"अगं बाई! आणि विद्यापीठ कुठलं?"

"तेच विचारायला सांगितलंय मुलीच्या आईला. नाव कळलं की यादी उघडू. तुझ्या फोनला रेंज आहे ना?"