माननीय चोवीस तास यांस अनावृत पत्र

मा. चोवीस तास,
कलम १५ (ब), ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा कायदा,
मुक्काम अमेरिका.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली कीर्ती वाचून आम्ही भारावून गेलो आहोत. विकलेल्या मालात जिवावर बेतेल असा दोष असल्याची माहिती हाती आली, की कारखानदाराने ग्राहक सुरक्षा आयोगाला ताबडतोब कळवावे, असे अमेरिकेचा कायदा सांगतो. आणि ताबडतोब म्हणजे आपण, असा खुलासा नियमावली करते. आमच्याकडे ताबडतोब म्हणजे साहेब रजेवरून आल्यावर. तेव्हा आपल्याविषयी आदर वाटणे साहजिक आहे.

फक्त आपले भाऊबंद फार. तक्रार कारखान्याच्या दारातून वरच्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचायला नियमावली पाच दिवस देते. (आमच्या पंचायत समितीत कागद याहून लवकर वर चढतो, त्याला चहापाणी तेवढे लागते.) मग खरोखरच दोष आहे का, हे तपासायला सर्वसाधारणपणे कामाचे दहा दिवस. एवढे होऊन आयोगाला कळलेच, तर कंपनीचे नाव घेऊन लोकांना सांगण्याआधी कलम ६ (ब) आडवे येते: आधी कंपनीला मजकूर दाखवा, तिचे म्हणणे ऐका, साधारण पंधरा दिवस थांबा. घरात आपण धाकटे. थोरल्यांपुढे बोलायची आपली काय टाप!

आपली आठवण झाली ती पोलारिस कंपनीच्या आरझेडआर गाडीमुळे. दोघांनी शेजारी शेजारी बसायचे, स्टिअरिंग मोटारीसारखे, चाके दगडधोंडे तुडवणारी, डोक्यावर टपाऐवजी लोखंडी पिंजरा. वाळूत, रानात, शेतावर पळवायची ही गाडी. रस्त्यावरची नव्हे, म्हणून मोटारींच्या सुरक्षेचे खाते तिच्याकडे बघत नाही. ती येते ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पदरात, जो बाळांचे पाळणे, खेळणी आणि टोस्टरही सांभाळतो. हजार सीसीचे इंजिन, आणि फाइल पाळण्याशेजारी.

एप्रिल २०१६ मध्ये आरझेडआर ९०० आणि १००० या जातीच्या, २०१३ ते २०१६ या मॉडेलांच्या सुमारे १,३३,००० गाड्या परत बोलावण्यात आल्या. चालता चालता पेट घेतात, हे कारण. आयोगाच्या म्हणण्यानुसार कंपनीने ही गोष्ट कळवली, तोवर तिच्याकडे १५० आगींच्या खबरा जमा होत्या. एका आगीत १५ वर्षांच्या प्रवाशाचा जीव गेला होता. भाजल्याच्या ११ तक्रारी होत्या. एका आगीने दहा एकर रान खाल्ले होते.

आता नम्रपणे विचारतो: या दीडशेपैकी आपण नेमके कोणत्या आगीनंतर सुरू झालात? आम्ही आपले घरबसल्या अंदाज बांधतो. पहिली आग म्हणजे योगायोग. दुसरी म्हणजे मालकाची हयगय. दहावीला बैठक भरवता येते, पन्नासावीला त्या बैठकीचे इतिवृत्त मंजूर करता येते. शंभरावीपर्यंत आकड्यांचा छान तक्ता तयार होतो. एवढे सगळे होईस्तोवर आपण कोपऱ्यात, काटे धरून, अगदी शिस्तीत उभे.

आपली वेळ पाळली नाही या आरोपाखाली २०१८ मध्ये कंपनीने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड कबूल केला. आरोप मात्र कबूल केला नाही. अशा तडजोडीत तशी सोय असते. आदल्या वर्षीची कंपनीची विक्री ५४० कोटी डॉलरच्या घरात होती. म्हणजे विक्रीच्या शंभर रुपयांमागे पन्नास पैसे दंड झाला, आणि पन्नास पैशांचे नाणे आमची भाजीवालीही घेत नाही.

दुरुस्तीचे म्हणाल, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डिसेंबर २०१७ मध्ये आयोग आणि कंपनी यांना मिळून निवेदन काढावे लागले, की २०१६ मध्ये परत बोलावलेल्या गाड्यांना आगी लागतच आहेत, काही तर पार जळून जात आहेत. पुढच्या एप्रिलात, दंडाच्याच महिन्यात, आरझेडआर एक्सपी १००० या आणखी १,०७,००० गाड्यांना बोलावणे गेले. या वेळी सायलेन्सरला तडे जात होते.

पोलारिस एकटी नाही, हेही आपल्या कानावर असेल. यामाहाच्या अशाच ऱ्हायनो गाडीबाबत मार्च २००९ मध्ये घोषणा झाली तेव्हा ४५० आणि ६६० या मॉडेलांच्या अपघातांत ४६ माणसे गेल्याची नोंद आयोगाकडे होती. पुष्कळांनी पट्टे बांधले नव्हते, हे खरे. पण काही गाड्या सपाट जमिनीवर, कमी वेगात वळतानाही उलटल्या असाव्यात, असे आयोगानेच म्हटले. त्या घोषणेचे नाव होते मोफत दुरुस्ती मोहीम. मोतीबिंदूच्या शिबिरासारखे वाटते ना? मागच्या चाकांना स्पेसर लावायचे आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकायचा, एवढेच काम होते. एवढ्यावर भागणार होते, तर ते कारखान्यातच का झाले नाही, हे आम्हा अडाण्यांना कोणी समजावून सांगावे.

माननीय, आमचा खरा राग आपल्या दुटप्पीपणावर आहे. गाडी परत बोलावल्याची सूचना मालकाला सांगते, की गाडी वापरणे या क्षणी थांबवा, डीलरला फोन करा. मालकाला पाच दिवस नाहीत, दहा नाहीत, आपणही नाही. त्याने मात्र दीडशे आगी मोजत बसायचे नाही. आणि गाडी सेकंडहँड घेतलेली असेल, तर ती सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जायची शक्यता अधिक. म्हणून मागणी एवढीच: आपले काटे कंपनीकडे आलेल्या पहिल्या आगीच्या खबरेपासून सुरू व्हावेत, आणि उशीर झालेल्या दर दिवसाचा दंड विक्रीच्या हिशेबात ठरावा. हे जमत नसेल, तर नियमावलीतून आपले नाव काढून घ्यावे. लोक निदान आपल्या भरवशावर राहणार नाहीत.

आपली नम्र,
पिंजऱ्याबाहेरची एक वाचक

ता. क. अमेरिकेत सुट्टीला वाळवंटात अशी गाडी भाड्याने घेणाऱ्या मराठी मंडळींना विनंती: किल्ली हातात घेण्याआधी दुकानदाराकडून गाडीचा व्हीआयएन नंबर मागून घ्या, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलसाठी तपासा. दुरुस्ती राहिलेली दिसली, तर दुसरी गाडी मागा किंवा सरळ परत फिरा.