साहेबांची झोप

मुकुंदवाडीत सगळ्यांचा दिवस एकाच वेळी उजाडत नाही. पहाटे जालना रोडवर कंपनीची बस येऊन थांबते, तेव्हा फर्स्ट शिफ्टवाले अर्धे डोळे उघडून तिच्यात चढतात; नंतर तशाच बसमधून थर्डवाले अर्धे डोळे मिटून उतरतात. टपरीवर दोघांच्या हातात सारखाच कप असतो, पण एकाचा चहा सकाळचा आणि दुसऱ्याचा कालच्या रात्रीचा. पूर्वेला चिकलठाणा आणि शेंद्रा, पश्चिमेच्या टोकाला वाळूज. या एमआयडीसींच्या पाळ्यांवर इथल्या गल्ल्यांची घड्याळे लावलेली. 1948च्या कारखाने कायद्याने तर याच्याही पुढची कमाल करून ठेवली. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतल्या कामगाराचा दुसरा दिवस त्याची पाळी सुटल्यावर सुरू होतो, आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, असे त्यात चक्क कलम होते. म्हणजे सूर्य उगवला म्हणून उजाडत नाही, भोंगा झाला की उजाडते. रुक्ष कलमांच्या गर्दीत हे एक कलम वाचताना मला नेहमी वाटत आले आहे, की मसुदा लिहिणारा रात्री उशिरापर्यंत जागा असावा आणि त्याला स्वतःचीच थोडी दया आली असावी.

कायद्याने दिवस दिला, पण झोप कुठून देणार? ती दुपारी मिळवावी लागते, आणि दुपार ही थर्डवाल्यांच्या वैऱ्यांनी भरलेली असते. भंगारवाल्याच्या रेकॉर्ड केलेल्या आरोळ्या, गल्लीतले क्रिकेट, मुकुंदवाडी स्टेशनावरून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न, चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उतरू लागलेले विमान. बरे, रात्रपाळी नसली तरी रात्र आपली असेलच असे नाही, कारण तिच्यावर पाण्याचाही हक्क. जायकवाडीसारखे धरण उशाशी असून या शहरात नळ कित्येक दिवसांनी येतो आणि लहर लागली तर अपरात्री येतो. 2019 साली तर मुकुंदवाडीतली लेकरे रिकाम्या कळश्या घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्टेशनला पाण्यासाठी जात होती. ज्या गावात पाण्यासाठी जागावे लागते, तिथे माणसाच्या स्वभावाबद्दल मत बनवण्याआधी त्याच्या गल्लीचे वेळापत्रक बघावे. लाइनीवरची पोरे ते बघतातच. सकाळी साहेब मशीनजवळ आले, की कुणीतरी हलकेच म्हणतो, "काल साहेबांच्या गल्लीत नळ आला होता वाटतं." दुसरा विचारतो, "किती वाजता?" पहिला साहेबांचा चेहरा नीट निरखून सांगतो, "तीनला आला असंल." मग त्या दिवशी कुणी रजेचा अर्ज पुढे करत नाही.

लहानपणी आमच्या शेजारी एक काका राहायचे. कुठल्याशा कंपनीत शिफ्ट इनचार्ज. ते थर्डला असले, की काकू सबंध गल्लीचा आवाज आपल्या ताब्यात घेत. दारावरच्या बेलमध्ये कापूस कोंबलेला असे. भाजीवाल्याने त्यांच्या दारासमोर भाज्यांची नावे कुजबुजायची, असा अलिखित करार होता. बिचारा "मेथी, कोथिंबीर" असे म्हणायचा, की जणू गुप्त खलिता पोहोचवतोय. आमचे क्रिकेटही मूकपट झालेले. औटचे अपील हात वर करून करायचे, भांडणसुद्धा खुणांनी. एकदा कुणीतरी न राहवून ओरडलेच, तेव्हा काकू ओट्यावर आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लेकरांनो, हळू. तुमचे काका झोपले, तर तिकडं लाइनीवरच्या चाळीस लेकरांची रात्र धड जाईल." ती चाळीस लेकरे तेव्हा मला खरीखुरी लेकरे वाटली होती. गणवेशातली, रांगेत उभी राहून काका नीट झोपण्याची वाट पाहणारी.

पुढे 2015 साली क्रिस्टोफर बार्न्स या अमेरिकी अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठांची झोप आणि हाताखालच्यांचे हाल यांचा संबंध तपासला. ज्या दिवशी वरिष्ठाची झोप मोडलेली, त्या दिवशी त्याची जीभ सुटलेली आणि तुकडीचे कामातले लक्ष उडालेले, असे त्यांना आढळले. गंमत म्हणजे किती तास झोपला, यापेक्षा झोप कशी लागली याला महत्त्व निघाले. कापसाच्या बोळ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोण देणार?

आणि हे समजायला अमेरिकेपर्यंत जायलाही नको. इथून सुमारे 25 किलोमीटरवर खुलताबादेत भद्रा मारुती आहे, आडवा, निद्रिस्त. रातोरात द्रोणागिरी उचलून आणला, त्याहून मोठी नाइट आजवर कुणी मारलेली नाही. तो इथे निवांत पहुडला आहे. आणि श्रावणातल्या शनिवारसाठी शुक्रवारी रात्रभर पायी चालत, झोपेवर पाणी सोडून, हजारो माणसे त्याची झोप बघायला जातात. त्यात आदल्या रात्रीची थर्ड करून आलेलेही असतात. पंढरपुरात याहून मजा. आषाढी एकादशी म्हणजे देवशयनी, देवाने झोपायची तिथी. आणि नेमका त्याच वारीसाठी विठोबाचा पलंग शेजघरातून बाहेर काढतात, कारण दर्शन चोवीस तास चालू ठेवायचे असते. पण वारकऱ्यांचा जीव मोठा. देव उभा राहून अवघडेल म्हणून पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा पांगली, की प्रक्षाळपूजा होते, दमलेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री काढा देतात आणि मग पलंग परत येतो. ओव्हरटाइमची इतकी प्रेमळ भरपाई मी कुठल्याच आस्थापनेच्या नियमांत वाचलेली नाही.

आमच्या साहेबलोकांना मात्र लोड नको असतो. रात्री दीड वाजता कंपनीच्या ग्रुपवर टारगेटचा आकडा टाकायचा आणि सकाळी सातला "सगळे एनर्जेटिक दिसले पाहिजेत" म्हणायचे, याला ते कर्तबगारी समजतात. मला तो कामचुकारपणा वाटतो. झोपणे हेही त्यांचे काम आहे, आणि ते त्यांनी दुसऱ्यावर ढकललेले असते; साहेबांचे जागरण शेवटी हेल्परच्या वाट्याला येते. काकांच्या मागे काकू होत्या. सगळ्यांच्याच मागे कुणी बेलमध्ये कापूस घालणारे असेल असे नाही.

म्हणून एवढेच सांगायचे होते. तुमच्या गल्लीत कुणी थर्डला असेल, तर दुपारी तीनपर्यंत त्याचे दार वाजवू नका, पार्सल तुमच्याकडे ठेवून घ्या. आणि तुम्ही स्वतःच कुणाचे साहेब असाल, तर आज लवकर झोपा.