सप्रेम भेट, लाटण्यासह

स्टीलच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची तारीख टोचून घेण्याची महाराष्ट्रातील प्रथा आता शिसवी लाकडावर उतरली असून, तापलेल्या टोकाने अक्षरे डागण्याच्या या कामाला, म्हणजे ज्वलनलेखनाला, हस्तकलेचा दर्जा आणि त्याला साजेशी किंमत अशी दोन्ही लाभली आहेत. शेजारी गेलेले पातेले ओळखून परत आणता यावे, हा भांड्यावरील नावामागचा एक व्यवहार होता. लाटणे मात्र कोणी पळवल्याचे ऐकिवात नाही. नाव लाटण्याच्या मध्यावर खोल कोरल्यास खाचेत कणीक अडकते आणि पोळीवर गृहिणीचे नाव उलट्या अक्षरांत उमटते, म्हणून जाणता कातारी, म्हणजे चरकावर लाकूड घडवणारा कारागीर, ते मुठीकडे घेतो. हौशी कलावंत मध्यावरच घेतो, कारण फोटोत तेच दिसते. वर चकाकीसाठी शेंगदाण्याचे तेल चोपडले जाते, जे हवेत सुकून कडक होणाऱ्या जवसाच्या तेलाप्रमाणे न वागता चिकट राहते आणि यथावकाश खवट होते. नवरीचे नाव लाटण्यावर आणि नवरदेवाचे चीज मांडण्याच्या फळीवर, ही श्रमविभागणी मात्र कारागिराच्या प्रतिभेवर सोडलेली नसते. ती मागणी नोंदवतानाच, बहुधा वरपक्षाच्या आत्याबाईंकडून, ठरलेली असते.