तुम्ही काय, घरचेच!

नागाव, आक्षी, किहीम, कुठल्याही समुद्राकाठी भाड्याने राहिला असाल तर काकू तुम्हाला ठाऊक आहेतच. वाडीतलं एकच घर. पुढच्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पर्यटकांना, मागची एक माझ्यासारख्या मास्तराला महिन्याच्या बोलीवर. पुढच्या खोलीला एसी, मागचीला तत्त्वतः पंखा. पुढची खोली दोन रात्रींत जे कमावते त्यासाठी मागचीला महिनाभर राबावं लागतं. म्हणून पुढचे ते पाहुणे. आणि मी? "सर, तुम्ही काय, घरचेच!"

हे वाक्य ऐकलं की माझा हात आपसूक गादीवर जातो. कारण त्यापाठोपाठ खोलीतलं काहीतरी जातंच. मुंबईकर भाऊच्या धक्क्यावर रो-रोत गाडी घालतात, तासाभरात मांडव्याला उतरतात आणि चौघांसाठी ठरवलेल्या खोलीत नऊ जण शिरतात. मग माझी गादी जाते. मग उशी, टेबलफॅन, बादली. एकदा मी अंगाला साबण लावून उभा असताना दाराबाहेरून आवाज आला, "सर, जरा पाणी थांबवता का? पुढे दाब येत नाहीये. तुम्ही काय..." पुढचं मला पाठ होतं. काकूंच्या ऑनलाइन पानावर 'अंथरूण-पांघरूण अगदी स्वच्छ' असा अभिप्राय आहे. ते मी धुतो. अभिप्रायही मीच लिहिलाय, सांगितलं म्हणून.

कागदपत्रांत मात्र बाई पक्क्या. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, सगळं चोख. करार 1 जानेवारीला सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर संपतो. म्हणजे नाताळ ते थर्टी फर्स्ट कायद्याच्या दृष्टीने मी तिथे कोणीच नसतो! त्या आठवड्यात माझी खोली 'गार्डन व्ह्यू' होते (मागे चार पोफळी आणि शोषखड्डा आहे) आणि मी माजघरात नारळाच्या ढिगाशेजारी पथारी पसरतो. डिसेंबरचं भाडं? ते घेतात की. घरच्यांकडून घ्यायला संकोच कसला!

असं असून त्या भाडेकरू ठेवतात कशाला, याचं उत्तर जूनमध्ये मिळतं. गेटवेच्या लाँच बंद होतात, पाहुणे विरळ होतात, पुढच्या खोल्यांत भिंतींना बुरशी धरते. तेव्हा विजेचं बिल मागच्या खोलीच्या भाड्यातून भरलं जातं.

2020 साली तर टाळेबंदीमुळे पुढच्या खोल्यांना मार्चपासूनच कुलूप होतं. त्यात 3 जूनला निसर्ग वादळ अलिबागजवळच आदळलं. वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या आणि माझ्या डोक्यावरची कौलं शेजारच्या वाडीत गेली. काकूंनी मला एसीच्या खोलीत हलवलं. वीज गावातच नव्हती, हा भाग वेगळा. भाडं त्यांनी दोनदा मोजून घेतलं. घरात येणारा तेवढाच पैसा होता. पण रोज रात्री कंदिलाच्या उजेडात माझं पान त्यांच्या शेजारी मांडलेलं असायचं. मोडलेल्या एकेका पोफळीबद्दल, ती कोणी कधी लावली होती, हे त्या सांगत बसायच्या. हे ऐकायला पुढच्या खोल्यांतलं कोणी कधी थांबलं नसतं. त्यांना अकराला खोली सोडायची असते.

आता काकूंच्या मुंबईला असलेल्या मुलाने हिशेब मांडलाय. मागच्या खोलीलाही एसी लावायचा आणि भाडेकरू बंद करायचा. हिशेब बिनचूक आहे, मीच तपासून दिला. काकूंनी कागद पाहिला, घडी घालून डब्याखाली ठेवला.

"आणि पावसात घरात बोलायचं कोणाशी? एसीशी?" त्या म्हणाल्या. मला जरा भरून आलं. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, जानेवारीपासून पाचशे वाढवू या ना? तुम्ही काय, घरचेच."