बंड्याचं आजारपण

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की तीन गोष्टी होतात. बायको वाफारा घ्यायला लावते, आई दृष्ट काढते आणि मी औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचतो. बंड्या आजारी पडला तेव्हा वाफाऱ्याची सोय नव्हती. दृष्ट मात्र आईने काढली, काचेबाहेरून.

बंड्या हा लेकीचा गोल्डफिश. सोमवारपासून त्याने पर मिटून तळ गाठला होता, आणि बुधवारी तो पाण्याच्या वरच्या थराशी येऊन आ वासू लागला. मी धावत जाऊन मिथिलीन ब्लू आणलं. त्याने काचेचे सांधे निळे झाले, माझी बोटं निळी झाली, बनियन निळा झाला. बंड्या तेवढा केशरीच राहिला, आणि आ वासणंही थांबेना.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने औषध दाखवलंच नाही.

"काका, टाकी कधी धुतली होती?"

"दर रविवारी धुतो," मी अभिमानाने सांगितलं. "सगळं पाणी काढून. गोटे कढत पाण्यात, स्पंज नळाखाली, अगदी पांढरा होईपर्यंत."

"मग मासा राहू द्या. आधी पाणी बरं करा."

त्याचं म्हणणं असं. माशाचं घर आणि मोरी एकच. त्याच्या कल्ल्यांतूनच अमोनिया बाहेर पडतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजतं ते वेगळंच. या अमोनियाने कल्ले पोळतात आणि मासा गुदमरतो. स्पंजवर आणि गोट्यांवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यातले काही जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात. तोही विषारीच. मग दुसरे त्याचा नायट्रेट करतात, तो माशाला बराच सोसतो. ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी दर रविवारी तिच्यावर बुलडोझर चालवत होतो. कढत पाण्यातून कुणी वाचलंच, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन होतंच. मी त्या घाणीला घाण म्हणत होतो. बंड्याच्या घरातली कामाची माणसं होती ती.

दुकानदाराने अमोनिया तपासायची बाटली दिली. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर वाईट. आमचं पुदिन्याच्या चटणीसारखं झालं. मग इलाज सुरू झाला. रोज पाव टाकी पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन मारणारे थेंब टाकलेलं आणि हाताला टाकीइतकंच गार लागणारं. स्पंज पिळायचा तो काढलेल्या पाण्यातच. हवेचा पंप चोवीस तास चालू. आणि दोन दिवस खाणं बंद.

"आजाऱ्याला उपाशी ठेवतोस?" बायको म्हणाली.

"एकादशी समज," आईने निकाल दिला.

खायला कमी म्हणजे अमोनियाही कमी, हे मी समजावत होतो, पण एकादशीपुढे माझं कोण ऐकतं? माझी शुगर मी तीन महिन्यांतून एकदा तपासतो. बंड्याचा अमोनिया रोज सकाळी, चहाच्या आधी. हे बायकोने बोलून दाखवलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाढदिवसाच्या भेटीत गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश देणारे लोक मला हल्ली मुळीच आवडत नाहीत. एवढ्याशा पाण्यात जिवाणूंनी वस्ती करायची तरी कुठे?

नवव्या दिवशी पाणी पिवळं राहिलं. बंड्याने पर उघडले आणि काचेवर तोंड आपटून खाणं मागितलं. आता दर रविवारी फक्त पाव टाकी पाणी निघतं आणि स्पंज कळकटच राहतो. पाहुणे आले की त्याकडे बघतात, मी बघत नाही. काढलेलं नायट्रेटचं पाणी बायको गॅलरीतल्या गुलाबाला घालते. गुलाबाला यंदा सात कळ्या आल्या आहेत.