भांगाचं रुंदीकरण

आमच्या घरात टक्कल नवं नाही. नवऱ्याला ते तिशीतच पडलं आणि ‘टक्कल म्हणजे श्रीमंतीचं लक्षण’ असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं. लक्षण कधीच आलं, श्रीमंती अजून वाटेत आहे. पण त्याच्या डोक्याकडे बघून कुणी कधी हळहळलं नाही. चाळिशीनंतर माझा भांग रुंद व्हायला लागला, तेव्हा मात्र ज्याला त्याला बोलायला जागा मिळाली.

भांग रुंद होतो तो रस्ता रुंदीकरणासारखा. नोटीस नाही, भरपाई नाही. एक दिवस बघावं तर दोन्ही बाजूंची झाडं गेलेली. भाचीच्या लग्नात मी हौसेनं अंबाडा घालून मोगऱ्याचा गजरा माळला. आकडे भरपूर होते, पण ते खोचायचे कशात? मंगलाष्टकं संपेपर्यंत गजरा मानेवर आला आणि जेवताना मठ्ठ्यात पडला. नणंदेनं तो चमच्यानं बाहेर काढला आणि कानाशी येऊन म्हणाली, “वहिनी, गंगावन का नाही लावलंत?”

मग उपाय सुरू झाले. माक्याचं तेल, जास्वंदीची पानं, भिजवलेल्या मेथ्या, शेवटी कांद्याचा रस. कांद्यानं केस आले नाहीत, पण डोंबिवली लोकलमध्ये मला बसायला जागा मिळायला लागली.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. पुरावा हवा म्हणून आठवड्याचा गुंतवळ पिशवीत घालून नेला होता. पिशवी टेबलावर ठेवताच त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

“ताई, वय काय?”

“अठ्ठेचाळीस.”

“मग?”

झालं निदान. डोक्याकडे बघणं नाही, रक्त तपासणं नाही. “रोज शंभरेक केस गळतातच, टेन्शन घेऊ नका,” असं म्हणून मल्टिव्हिटॅमिनची चिठ्ठी दिली. माझ्याहून मोठ्या नवऱ्याचा गुडघा दुखला तेव्हा याच डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला होता. त्याला कुणी ‘मग?’ विचारलं नाही. गुडघा हा अवयव असतो, बाईचे केस ही हौस असते.  

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे तरी दाद लागेल असं वाटलं. त्यांनी पाळीची चौकशी केली, ती हल्ली भरमसाट जाते हे ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. केसांचा विषय काढला तर म्हणाल्या, “माझेही गळतात हो!” आता यावर काय बोलणार? मीच त्यांना माक्याचं तेल सुचवून आले.

माझा गुंतवळ गांभीर्यानं घेणारी पहिली व्यक्ती म्हणजे गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई. तिनं पिशवी उघडली, केस उजेडात धरले, चिमटीत घेऊन बघितले आणि म्हणाली, “ताई, बारीक झालाय केस. पयल्यावानी न्हाई.” एक चहाची गाळणी हातावर ठेवून ती निघून गेली.

ती बोलली तेच पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, जरा महाग दरात. तरुण मुलगी होती. तिनं आधी दिवा ओढला, भांग पाडून दुर्बिणीसारख्या भिंगातून बघितला आणि मग केसांचा एक झुबका बोटांत धरून हलकेच ओढला. किती हातात येतात ते बघायची ही तपासणी असते. आहेत त्यातलेच काही उपटून घ्यायचे आणि त्याची फी द्यायची, पण मला भरून आलं. अखेर कुणीतरी डोक्याकडे बघत होतं.

तिचं म्हणणं असं. शंभरेक केस गळणं ठीकच. प्रश्न त्यांच्या जागी काय उगवतं हा आहे. बायकांमध्ये पुढची कड बहुधा शाबूत राहते आणि भांगाजवळचे केस दर फेरीला बारीक, आखूड होत जातात. या प्रकाराच्या तीन पायऱ्या लुडविग नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं १९७७ सालीच मांडून ठेवल्यात. मी पहिलीवर होते. शिवाय तिनं विचारलं, “दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, ऑपरेशन, कडक डाएट असं काही?” डेंगीसारख्या तापानंतर केस तेवढ्या उशिरानं झडतात, आणि आपण बिचाऱ्या नव्या शाम्पूला शिव्या घालतो. ते केस सहसा परत येतात.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. लोह वाहून नेणाऱ्या त्या भरमसाट पाळीची नोंद एका फायलीत, केस दुसऱ्या डॉक्टरांच्या दारात. दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

लोहाच्या गोळ्या आल्या आणि मिनॉक्सिडिल आलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, तेव्हा ते डोक्याला लावायची कल्पना निघाली. अमेरिकेत पुरुषांसाठी त्याला १९८८ साली परवानगी मिळाली, बायकांसाठी १९९१ साली. रांगेत मागे उभं राहायची आपल्याला सवय आहेच. सुरुवातीला त्यानं केस जास्तच गळू शकतात. तेव्हा घाबरून बाटली फेकायची नाही. चार-सहा महिन्यांनी फरक कळतो, आणि सोडलं की पुन्हा मूळपदावर. नवरा बाटलीकडे बघतो, पण मागत नाही. श्रीमंती हुकेल अशी भीती असावी.

माझा भांग पूर्वीसारखा झालेला नाही, होणारही नाही. रुंदीकरण मात्र थांबलंय. तेव्हा बायांनो, गुंतवळाची पिशवी नेऊ नका, डॉक्टर दचकतात. त्याऐवजी दर महिन्याला त्याच उजेडात काढलेले भांगाचे फोटो न्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि थायरॉइडचं विचारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. आणि समोरून ‘मग?’ आलं, तर मान खाली घालून भांग पुढे करा आणि डॉक्टर बघेपर्यंत खुर्ची सोडू नका.