बाराबंदीकाकू

बोईसरच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक दार असं असतं, की डिसेंबर उजाडला की त्याच्याआडून भलतंच काहीतरी ऐकू येतं. "अफझलखान अजून अस्तराविना पडलाय." "झाशीच्या दोन्ही राण्या इस्त्रीला गेल्यात." "औरंगजेबाला कमरेत दोन इंच सोडायला हवेत." नवा भाडेकरू जिन्यात थबकतो. जुने रहिवासी ओळखतात, की शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली आणि बाराबंदीकाकू कामाला लागल्या.

ही बाई पालघरला असते, सफाळ्याला असते, डहाणूलाही असते. यजमान तारापूर एमआयडीसीत पाळ्या करतात, मुलं मार्गाला लागलेली असतात आणि खिडकीशी एक पायमशीन असतं. सुरुवात ब्लाउज आणि फॉल-पिकोपासून झालेली असते. मग कुणा भाच्याला मावळा व्हायचं असतं, काकू त्याला बाराबंदी शिवून देतात आणि तिथून त्यांना इतिहास चढतो तो उतरतच नाही. बाजारातल्या तयार बाराबंदीला बंद चारच असतात, बाकी काम वेल्क्रोवर भागवलेलं असतं, हे पाहून त्यांना जे दुःख होतं ते पानिपत वाचूनही झालेलं नसतं.

काकूंचा कालपट पक्का आहे. पेशवाई बुडाली 1818 ला आणि सेफ्टी पिनचं पेटंट निघालं अमेरिकेत, 1849 मध्ये. तेव्हा पेशव्याच्या शेल्याला पिन लागणार नाही. चेन तर विसाव्या शतकातली, तिचं नावही काढायचं नाही.

"अहो काकू, पण नाडीची गाठ बसली तर बाळ बाथरूमला कसं जाणार?" एखादी आई काकुळतीला येते.

"बाजीराव कसे जात होते?" काकू कात्री न थांबवता विचारतात.

सगळ्यात मोठी लढाई रंगावरून होते. गिऱ्हाइकाला पेशवा हवा असतो जांभळ्या मखमलीचा, छातीभर सोनेरी जरीचा. 2015 ला 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हापासून तर मोबाइलमधला फोटो पुढे धरूनच ऑर्डर येते. काकू काही न बोलता भिंतीकडे बोट दाखवतात. तिथे कालनिर्णयशेजारी एका चित्राची झेरॉक्स डकवलेली असते. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने 1790 च्या दशकात पुण्यात येऊन काढलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस. अंगात तलम पांढरी मलमल आणि गळ्यात मोती. गिऱ्हाईक बराच वेळ निरखून म्हणतं, "हे तर घरी बसल्यासारखे वाटतायत." शेवटी तडजोड होते. मखमल गिऱ्हाइकाची आणि बंद काकूंचे.

या साऱ्यात हुतात्मा कोण, तर यजमान. घरात पुतळा नाही, म्हणून मापाला तेच उभे राहतात. दुसरी पाळी संपवून माणूस साडेअकराला घरी येतो, तर दारातच हाक येते, "अहो, जेवायच्या आधी जरा औरंगजेब व्हा बघू." एकदा सुट्टीच्या दिवशी कुरिअरवाला आला, तेव्हा अर्धा शिवलेला आलमगीर चष्मा शोधत दारात गेला आणि त्याने मुकाट्याने ओटीपी सांगितला.

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून इथे हाकेच्या अंतरावर उभं आहे, तरी बोईसरची वीज जायची तेव्हा जातेच. सगळी सोसायटी महावितरणच्या नावाने खडे फोडते. काकू मात्र खुशीत असतात. "पेशवाईत कुठे लाइट होती?" म्हणत त्या मशीनवर कापड टाकतात, गॅलरीत बसतात आणि पिशवीतून रिंग काढतात. हे काम कुणाच्या ऑर्डरीचं नसतं. किरमिजी रेशमावर एक पांढरा बगळा निम्मा भरून झालेला असतो. पारशी व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात चीनहून आणलेल्या भरजरी नव्हे, भरगच्च भरतकामाच्या साड्यांना गारा म्हणतात, त्यातलाच हा. तारापूर-डहाणूच्या जुन्या पारशी घरांतल्या ट्रंकांत असा एखादा अजून निघतो आणि तसा एक पाहिल्यापासून काकूंना चैन नाही. बगळ्याच्या पाठीवर एकेरी पदराने बारीक गाठींचे टाके एकमेकांना खेटून घालायचे. मध्ये मुंगी शिरेल एवढीही फट दिसली, की उसवायचं. तुम्ही कौतुकाने वाकलात तर काकू रिंगच उलटी करतात. "पुढून काय, सगळेच छान दिसतात. मागून बघा." मागे एक दोरा लोंबत नसतो.

पोशाखाचा दर सांगितला की आया दचकतात. "भाड्याने तर तीनशेत मिळतो!" काकू शांतपणे म्हणतात, "मिळतो ना. पण भाड्याचा चिमाजी अप्पा किल्ला चढायला लागला, की त्याची सुरवार मागून उसवते."

चिमाजी अप्पा इथे लागतातच. जानेवारी 1739 मध्ये त्यांच्या मराठा फौजेने तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. हा आमच्या घरचा इतिहास, त्यामुळे संमेलनात तो दोन-चार वर्षांनी येतोच. यंदा तालमीला काकू स्वतः हजर होत्या. सहावीतल्या बाजी भिवरावांना त्यांनी बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ बाळा, गोळी कुठूनही लागू दे. पडायचं ते उजव्या कुशीवर. डावीकडे जरीकाम आहे."

प्रयोगाच्या दिवशी विंगेत पालकांची जुंपली. आधी सुरुंग उडाला की आधी शिड्या लागल्या, अमक्याच्या पूर्वजांचं नाव का नाही, इतिहासाची मोडतोड चाललीय. आवाज चढले, मोबाइल निघाले. कुणीतरी म्हणालं, काकूंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. काकू पोर्तुगीज कप्तानाची बाही टाचत गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. दोन्ही पक्षांना ती आपल्या बाजूने हललेली वाटली.

वाद तसाच राहिला. बाजी भिवराव मात्र बरोब्बर उजव्या कुशीवर पडले.